पहिला शब्द वरच्या गावाचा

आमच्या गावातल्या माणसांना अक्कल नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. अक्कल आहे. फक्त बैठकीला येताना ती घरी ठेवून यायची पद्धत आहे, आणि घरी परत गेल्यावरही तिची कोणाला आठवण होत नाही.

मी या गावच्या शाळेत शिकवत होते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, वर पत्रा. एका खोलीत मी चार इयत्ता एकत्र घेऊन बसायचे आणि दुसऱ्या खोलीत हेडमास्तर निवृत्तीची वाट बघत बसायचे. शाळा समितीचा अध्यक्ष माझा सख्खा मोठा भाऊ. मी लग्न केलं नाही, दादाच्याच घरात राहत होते. त्यामुळे या माणसाला मी बैठकीत कडक कपड्यांतही पाहिलंय आणि घरी बनियनवरही. दोन्हीकडे तो सारखाच फुगलेला असतो.

टेकडीवर आम्ही, वरचं गाव. पायथ्याशी ओढ्याकाठी खालचं गाव. मध्ये एक पायवाट. लहान मुलाचं बोट धरून निघालं तरी एक गोष्ट सांगून संपायच्या आत माणूस खाली पोचतो. पण या दोन गावांचं वाकडं आहे. कशावरून, ते मी म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं. एक म्हणाला गुरांवरून, दुसरा म्हणाला विहिरीवरून, तिसरा म्हणाला, "बाई, कारण कशाला लागतं? ते खालचे आहेत."

या वैरातून आम्ही एक मोठी कमाई केली होती. दोन्ही गावांची मिळून कसलीही बैठक असो, पाण्याची, रस्त्याची, विजेच्या खांबांची, पहिला शब्द वरच्या गावाचा. आम्ही बोलून झाल्याशिवाय खालच्यांनी तोंड उघडायचं नाही. रस्त्याच्या बैठकीत एकदा त्यांचा एक माणूस आधी बोलला, तर आमची मंडळी सतरंजी झटकून निघून गेली. तो रस्ता मग कितीतरी वर्षं रखडला. चिखलातून ये-जा करताना आमचे लोक हा किस्सा अभिमानाने सांगत.

शाळेच्या बाबतीतही आमची समज अशीच. पत्रा गळायला लागला तेव्हा दादाने सभा बोलावली. दुरुस्तीसाठी घरामागे थोडा शाळाकर वाढवायचा होता. सगळ्यांचे हात मांडीखाली. पुढच्याच महिन्यात कोणीतरी बातमी आणली की खालच्या गावाने शाळेला फाटक लावलंय. झालं! आठवड्यात वर्गणी जमली आणि आमच्या शाळेपुढे सिमेंटची कमान उभी राहिली. मुलं रुबाबात कमानीखालून आत यायची आणि वर्गात भिजत बसायची.

या दादाला उतारवयात झालेली एकच मुलगी. घरात, शाळेत, गल्लीत सगळे तिला भिंगरी म्हणायचे. सहा वर्षांची, हाडाने बारीक, तोंडाने अखंड चालू. अक्षरं तिला मीच लावली होती. औषधाच्या बाटलीपासून खताच्या पोत्यापर्यंत जे दिसेल ते वाचायची आणि समोरच्याला वाचायला लावायची. फक्त तिला गाडी सोसत नसे. दुकानदाराच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं तरी दुसऱ्या वळणावर पोटातलं सगळं बाहेर. एकदा त्याच्या साखरेच्या पोत्यावरच उलटी केली, तेव्हापासून तो तिला गाडीच्या जवळपास फिरकू देत नसे. शहराच्या रस्त्याला तर अशी वळणं आहेत की सवयीची माणसंही डोळे मिटून बसतात.

आणि नेमकं शहराचंच प्रकरण आमच्यापुढे आलं. सरकारने अनुदानाचा नियम बदलला. आता शाळेला नाही, मुलामागे पैसे. मुलं थोडी तर पैसे थोडे, आणि इतक्या थोड्या पैशांत शाळा चालत नाही, म्हणून छोट्या शाळा एकत्र करायच्या. शिक्षण विभागाचे साहेब येऊन सोप्या भाषेत सांगून गेले. दोन्ही गावांनी मिळून एकच शाळा निवडली तर ती राहील, दोन्हींचं अनुदान तिला मिळेल, दोन्हींचे शिक्षक तिथे जातील. एकमत झालं नाही तर दोन्ही शाळा बंद, आणि मुलं बसने शहरात. जाऊन-येऊन तीन तास. ठरवायला महिनाभराची मुदत होती. साहेबांना बिचाऱ्यांना वाटलं, हा तर बिनतोड उपाय झाला. ते आमच्या गावात नवीन होते.

मी त्याच संध्याकाळी दादाला म्हटलं, "खालच्यांशी बोलून तर बघ. आपली शाळा राहिली तर उत्तमच. नाही राहिली तर खालची चालेल. पायवाट उतरली की झालं, भिंगरी उड्या मारत जाईल."

"मी त्यांच्या दारात जाऊ?" दादा म्हणाला. "शाळा द्या हो म्हणून?"

"मग मी जाते."

"तू गेलीस म्हणजे मीच पाठवलं असा अर्थ होतो. आणि शिक्षकांनी यात पडायचं नाही असा विभागाचा हुकूम आहे. नोकरी घालवायचीय का?"

हुकूम खराच होता. विभागाला शिक्षकांचं तोंड नेहमीच जास्त वाटत आलंय. मी खाली गेले नाही.

मग आमच्या ओसरीवर बैठका सुरू झाल्या. दादा, दुकानदार आणि गिरणीवाला, असे गावाचे तीन मेंदू. वहिनी चहा करून करून थकली. दुकानदाराचं म्हणणं, खालचे काही झालं तरी आपल्याकडे मुलं पाठवणार नाहीत. गिरणीवाल्याचं म्हणणं, आपणही काही झालं तरी त्यांच्याकडे पाठवणार नाही. हे दोघं रोज तेच बोलत आणि रोज एकमेकांना नवीन ऐकल्यासारखी दाद देत.

शेवटी दादाने डोकं चालवलं. तो उठून उभा राहिला, त्यावरूनच मला धडकी भरली.

"हे बघा," तो म्हणाला, "एकमत होणार नाही हे नक्की. मग आपण शाळा मागायची, त्यांनी नाही म्हणायचं, म्हणजे नाक कोणाचं कापलं गेलं? आपलं. त्यापेक्षा पहिला शब्द आपला आहे ना? आपणच उठून सांगायचं. आम्हाला तुमची शाळा नको, आमचीही नको, आमची मुलं शहरात शिकतील. म्हणजे त्यांनी आपल्याला नाही म्हणायच्या आधी आपणच त्यांना नाही म्हटलेलं असेल!"

गिरणीवाल्याने मांडीवर थाप मारली. दुकानदार म्हणाला, "अध्यक्ष, याला म्हणतात डोकं." मी दारात उभी राहून या तिघांकडे बघत होते. स्वतःच्या घराला काडी लावून शेजाऱ्याला धूर दाखवायला निघालेली माणसं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू लॉटरी लागलीय.

वहिनी आतून म्हणाली, "अहो, भिंगरीला गाडी लागते."

"सवय होईल," दादा म्हणाला. त्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

बैठक आमच्याच शाळेत झाली. मुलांची बाकं भिंतीला लावली, मधे सतरंज्या टाकल्या. एका बाजूला आम्ही, एका बाजूला खालचे, आणि फळ्यापुढे टेबल लावून साहेब. साहेब तरुण होते, सर्दीने बेजार झाले होते, दर दोन वाक्यांना रुमाल काढत होते. मला पाण्याचा जग आणि पेले सांभाळायचं काम दिलं होतं. वीस वर्षं शिकवल्यावर शाळेच्या भवितव्यात माझा एवढाच सहभाग.

खालच्या गावाची अध्यक्षा म्हणजे नर्सबाई. दवाखान्यातून निवृत्त झालेली, उंच, ढांगा टाकत चालणारी बाई. दोन्ही गावांतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्माला आलेली, भिंगरीसुद्धा. ती आली, बसली, आणि नमस्कार वगैरे न करता म्हणाली, "साहेब, आज आधी मी बोलले तर चालेल का? आमचं ऐकलंत तर यांचंही काम सोपं होईल."

आमच्या बाजूला एकदम गलका झाला. गिरणीवाला तर उभाच राहिला. "हे काय चाललंय? पहिला शब्द आमचा!"

"अहो, पण ऐकून तर घ्या," नर्सबाई म्हणाली.

"नर्सबाई, रीत म्हणजे रीत," दादा म्हणाला. आवाज गोड, पण मान अशी ताठ की मागून कोणी खिळा ठोकलाय. "आमचं झालं की खुशाल बोला. दिवसभर बोला."

साहेबांनी नाक पुसलं. "कोणीही आधी बोला हो. काय फरक पडतो?"

ते खरंच नवीन होते.

दादा उठला. खिशातून चष्मा काढला, लावला, वाचायला समोर काहीच नव्हतं म्हणून परत काढला. आणि वरच्या गावाच्या परंपरेबद्दल, स्वाभिमानाबद्दल, कमानीबद्दल बोलून झाल्यावर शेवटी म्हणाला, "तेव्हा आम्हाला कोणाच्या उपकाराची गरज नाही. आमची मुलं शहराच्या शाळेत जातील. हा आमच्या गावाचा एकमुखी निर्णय आहे."

टाळ्या पडल्या. ज्यांच्या घरी शाळेच्या वयाची पोरं होती त्यांनीही वाजवल्या. मी एकेकाचा चेहरा बघून ठेवला.

नर्सबाई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "झालं का? बरं. आता आमचं ऐका. आमच्या शाळेच्या भिंती खचल्यात. ओढ्याचं पाणी दरवर्षी वर्गात येतं. भिंती काही आम्हाला झेपायच्या नाहीत. तुमची जागा उंचावर आहे, कोरडी आहे, नुसता पत्रा गळतो. पत्रा बदलता येतो. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की शाळा तुमच्याच गावात राहू दे. आमची मुलं चढून येतील, पाय तरी मजबूत होतील त्यांचे. पत्र्याचा निम्मा खर्च आम्ही देणार होतो. हेच मी आधी सांगत होते."

मी हातातला जग टेबलावर ठेवला.

इतकी सरळ गोष्ट. महिनाभर हे तिघं ओसरीवर बसून ज्या नकाराची तयारी करत होते, तो नकार येणारच नव्हता. शाळा आमची होती. पत्र्यासकट आमची होती. नुसतं तोंड बंद ठेवायचं होतं, तेही एका बाईचं बोलणं संपेपर्यंत.

साहेबांना पहिल्यांदाच जरा हुशारी आली. "अध्यक्ष, हे फारच चांगलं झालं की! अजून काहीच लिहिलेलं नाही. सही व्हायची आहे. तुम्ही आता यांना हो म्हणा, आजच्या आज तुमची शाळा कायम करतो."

सगळे दादाकडे बघायला लागले. मला वाटलं, सुटलो. कितीही झालं तरी बाप आहे. तिथेच खिडकीच्या गजांना धरून भिंगरी उभी होती, आमच्याच फळ्यावरची उजळणी पुटपुटत. तोंड उघडून एक 'हो' म्हणायचं होतं.

दुकानदार दादाच्या कानाशी वाकला. कुजबुजला, पण त्याची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत जाते. "यात काहीतरी डाव आहे. फुकट कोण देतं? उद्या पत्र्याचे पैसे दिले म्हणून शाळा आमची म्हणतील."

गिरणीवाला म्हणाला, "आणि आत्ताच टाळ्या झाल्यात."

वहिनी बायकांमधून उठली. लग्न झाल्यापासून ती कधी चारचौघांत बोललेली नव्हती. "साहेब, माझी मुलगी गाडीत बसली की ओकते," ती म्हणाली. "तीन तास कशी बसेल ती रोज? यांना सांगा हो म्हणायला."

लोक हसले. खरंच हसले, आमच्याच बाजूचे. दादा कानापर्यंत लाल झाला.

माझ्याने राहवलं नाही. "दादा, हो म्हण," मी म्हटलं. "साहेब, यांना पुन्हा एकदा विचारा."

"बाई, तुम्हाला बोलता येणार नाही," साहेब म्हणाले. त्यांना एवढा नियम बरोबर पाठ होता.

दादाने बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, "वरच्या गावाचा शब्द एकच असतो. दिलेला शब्द आम्ही फिरवत नाही."

पुन्हा टाळ्या.

नर्सबाई उठली, चपला घातल्या आणि जाता जाता दादाला म्हणाली, "अध्यक्ष, तुमची मुलगी पोटात उलटी होती. मी रात्रभर बसून तिला सरळ केली. तुमचं मात्र काही करता यायचं नाही." दादाला उत्तर घरी आल्यावर सुचलं आणि त्याने ते आम्हाला दोनदा ऐकवलं. त्या दिवशी मला माझ्या भावाची किळस आली. राग नाही आला, रागात थोडी तरी किंमत असते.

शाळा बंद झाली. मला शहराच्या शाळेत घेतलं. सकाळी मुलांच्याच बसने जायचे, भिंगरीला खिडकीजवळ बसवून. ती पहिल्या वळणापर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या वाचायची, मग गप्प व्हायची, मग माझा हात घट्ट धरायची, आणि मग पिशवी. शाळेत पोचेपर्यंत पोरीच्या अंगात जीव नसायचा. पहिला तास ती बाकावर डोकं ठेवून काढायची. परत येताना पुन्हा तेच. वहिनीने तिला सकाळी काही खायला द्यायचं बंद केलं, उपाशीपोटी कमी त्रास होतो म्हणून. पोरगी आधीच काडी, ती आणखी वाळली. दिवाळीपर्यंत तिने पाट्या वाचणं सोडलं. पहिल्या वळणाच्या आधीच डोळे मिटून घ्यायची.

दादा रोज संध्याकाळी विचारायचा, "झाली का सवय?" मी सांगायचे, "तुलाच झाली."

वर्ष सरता सरता विभागाला कळलं की बसचा खर्चही फार होतो. घाट चढून वर यायला डिझेल लागतं. बस खालच्या गावापर्यंतच येऊ लागली. म्हणजे जी पायवाट आमची मुलं मेली तरी उतरणार नव्हती, तीच पायवाट ती रोज उजाडायच्या आत, दप्तरं सांभाळत, घसरत उतरू लागली. खालच्या गावातल्या बायका कंदील धरून उभ्या राहायच्या. एकीनेही कधी टोमणा मारला नाही. आमच्या लोकांना तेही झोंबलं.

गावातून पहिल्यांदा कोण गेलं असेल? दुकानदार. ज्याला डाव दिसला होता तो. शहरात गाळा घेतला, वर दोन खोल्या, पोरं शाळेत पायी जातात. जाताना दादाला म्हणाला, "अध्यक्ष, पोरांसाठी करावं लागतं." त्याच्या मागून गिरणीवाला गेला. दुकान नाही, गिरणी नाही, मग बाकीच्यांचंही काही अडलं नाही. जी घरं टाळ्या वाजवत होती, ती एकेक करून कुलूप लावून निघाली. मागे राहिले ते ऐकू न येणारे आणि चालता न येणारे. दादा मात्र दर महिन्याला समितीची बैठक बोलवत राहिला. शाळा उघडून, सतरंजी टाकून एकटाच बसायचा आणि थोड्या वेळाने सतरंजी गुंडाळून घरी यायचा.

दुसऱ्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी मी शहरात खोली बघितली, शाळेला लागूनच. वहिनीला सांगितलं. मला वाटलं होतं तिची समजूत काढावी लागेल, पण तिने तोवर अर्धी भांडी बांधली होती. भिंगरीने विचारलं, "आत्या, तिथे बस नाही ना?" मी म्हटलं, "नाही." तिने उड्या मारल्या नाहीत. नुसता लांब श्वास सोडला, म्हातारीसारखा.

टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा दादा ओसरीवर होता. सामान चढताना बघत होता, मदतीला उठला नाही. गाद्या गेल्या, ट्रंक गेली. वहिनी पुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्हीही चला," ती म्हणाली. "खोली लहान आहे, पण भागेल. पोरगी रोज विचारेल तुम्हाला."

दादा खाली बघत राहिला. मला त्याच्या डोक्यावरचे सगळे केस पांढरे झालेले दिसले. कधी झाले ते लक्षात आलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, उठतोय.

"मी गावचा अध्यक्ष आहे," तो म्हणाला. "मीच उठून गेलो तर लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक, दादा?" मी विचारलं.

त्याने खरोखरच मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, कोण कोण आहे ते बघायला.